डावा इंडिकेटर

उजवा इंडिकेटर देऊन डावीकडे वळणाऱ्या माणसाला मी सरळ गाडीतून उतरवते. भर रस्त्यात. मग तो वकील असो, इंजिनियर असो, नाहीतर कुणाचा जावई. एकदा एका दातांच्या डॉक्टरांना असं उतरवलं होतं, आणि नशीब बघा, पुढच्याच महिन्यात माझी दाढ ठणकायला लागली. त्यांच्याच खुर्चीत तोंड उघडून बसावं लागलं. त्यांनी सूड घेतला असं मी म्हणणार नाही, पण भूल जरा हात राखूनच दिली होती. तरी माझं म्हणणं बदललं नाही. तुम्ही ब्रेक दाबायला विसरलात तर माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक आहे. गाडी बंद पाडलीत तर परत चालू करता येते. पण इंडिकेटर दिलात म्हणजे मागच्या माणसाला शब्द दिलात, की बाबा रे, मी इकडे चाललोय. तो शब्द मोडायचा नाही.

मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे माझं. दोन गाड्या, एक फळा, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आणि मी. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं लोक म्हणतात. चुकीचं म्हणतात असं नाही. लग्नाच्या भानगडीत मी पडले नाही, त्यामुळे घरी रागवायला हक्काचं माणूस नव्हतं, आणि सगळा राग विद्यार्थ्यांच्या वाट्याला आला.

माझा भाऊ आणि वहिनी, दोघंही नोकरीवाले. त्यांची मुलगी शाळा सुटली की माझ्याकडे यायची, आणि मला शिकवण्या असायच्या, म्हणून मी तिला गाडीत मागच्या सीटवर टाकायची. दप्तर एका बाजूला, डबा एका बाजूला, मधे ती. तेव्हाच्या त्या जुन्या गाडीच्या इंडिकेटरचा आवाज गेला होता. दिवा लागायचा, पण टिकटिक व्हायची नाही. आणि वळल्यावर तो आपोआप बंदही व्हायचा नाही. शिकणारे वळून जायचे आणि दिवा तसाच लुकलुकत ठेवायचे. मग ही मागून तोंडाने टिकटिक करायला लागायची. टिकटिक, टिकटिक, टिकटिक. समोरच्याच्या डोक्यात उजेड पडेपर्यंत तोंड बंद नाही. त्यावरून तिचं नाव पडलं टिकू. आज तिच्या हेल्मेटवर जे काही छापलेलं असतं ते असो, आमच्या घरात ती टिकूच.

आता ती शर्यतीत गाडी चालवते. पोट भरण्यासाठी, व्यवसाय म्हणून. हे सांगताना माझी मान आपोआप ताठ होते, त्याला माझा इलाज नाही.

सुरुवात झाली बाजारामागच्या कार्टिंगच्या ट्रॅकवर. कार्ट म्हणजे काय, तर चार चाकं, एक इंजिन आणि बूड टेकायला पत्रा. टिकू गणितात पास झाली म्हणून बक्षीस द्यायला मी तिला तिथे घेऊन गेले. तिने पहिल्याच दिवशी तिथल्या दांडग्या पोरांना असं मागे टाकलं की ट्रॅकचा मालक माझ्यापाशी आला आणि विचारायला लागला, बाई, ही कुठे शिकली? मी म्हटलं, मागच्या सीटवर.

दादाला हे कळलं तेव्हा त्याने घर डोक्यावर घेतलं. मुलीचे हातपाय मोडले तर काय, लोक काय म्हणतील, अभ्यासाचं काय. मी त्याला एवढंच विचारलं, की जिन्यावरून पडून तुझा पाय मोडला होता, तेव्हा जिना पाडलास का? तो माझ्याशी बरेच दिवस बोलला नाही. मग एका रविवारी बघते तर हा ट्रॅकच्या कुंपणापाशी उभा, काखेत तिचं हेल्मेट, आणि शेजारच्या माणसाला सांगतोय, ती निळ्या कार्टमधली माझी. वहिनीने तर स्वतः टिकूला हातमोजे शिवून दिले, कारण विकत मिळत होते ते तिच्या हाताला मोठे व्हायचे.

पुढे तिला फॉर्म्युलाच्या एका लहान टीममध्ये सीट मिळाली. उघड्या चाकांची, एकाच माणसाची गाडी. मी शेजारणीला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, टिकूला सीट मिळाली. तिला वाटलं मेडिकलला. ती गल्लीभर सांगत सुटली, चार जणी अभिनंदन करायला आल्या, एकीने तर आपल्या गुडघेदुखीवर औषध विचारून ठेवलं. दिवसभर मी कुणाला दुरुस्त केलं नाही. कशाला करायचं? सीट ती सीट.

तिथे ती चांगली चालली. दुसरी आली, तिसरी आली, पण पहिली कधी आली नाही. आणि त्या धंद्यात दुसऱ्याला फार दिवस कुणी ओळखत नाही. पुढच्या मोसमात तिची सीट दुसऱ्याला गेली. ती घरी न जाता माझ्या स्कूलमध्ये आली आणि फळ्याखालच्या बाकावर बसून रडली. मी रडू दिलं. मग गाडीची किल्ली तिच्या हातात ठेवली आणि सांगितलं, बाहेर एक आजोबा उभे आहेत, त्यांना रिव्हर्स येत नाही, शिकव. ती डोळे पुसून गेली. परत आली तेव्हा हसत होती, कारण आजोबांनी गाडी रिव्हर्समध्ये थेट माझ्याच पाटीवर घातली होती. ती पाटी अजून वाकडी आहे.

मग वर्षभर रॅली केली. कच्च्या रस्त्यावर धुळीत गाडी हाणायची आणि शेजारी बसलेल्याने पुढची वळणं वाचून दाखवायची. ती म्हणायची, आत्या, अगदी आपल्या स्कूलसारखं आहे, फक्त शेजारचं माणूस ओरडत नाही. मग ती टीम बंद पडली. मग ट्रकच्या शर्यती. होय, ट्रकच्याही शर्यती असतात, मलाही तेव्हाच कळलं. एवढीशी पोर त्या अगडबंब ट्रकच्या दारात शिडीने चढायची तेव्हा मी टीव्हीसमोर बसून उजवा पाय जमिनीत दाबून धरायची. माझ्या पायाला ती सवय आहे. समोर कुणीही गाडी चालवू दे, माझा पाय ब्रेक शोधतो. टीव्हीसमोरच्या सतरंजीला त्या जागी भोक पडलंय. दादा म्हणतो, सतरंजी बदल. मी बदलत नाही.

पण ज्या गोष्टीने ती प्रसिद्ध झाली ती ट्रकच्या आधीची. टूरिंग कारच्या मोसमातली.

टूरिंग कार म्हणजे दिसायला आपल्या रस्त्यावरच्या गाड्यांसारख्याच, आतून मात्र सगळं वेगळं. पण पुढचे मागचे दिवे शाबूत, आणि इंडिकेटरचं बटण स्टिअरिंगवरच, अंगठ्याखाली. पहिली शर्यत. टिकू मागून एकेकाला गाठत वर आली. पुढे चॅम्पियन. त्याचं नाव काही का असेना, सगळे त्याला चॅम्पियनच म्हणायचे, कारण तो दर वर्षी जिंकायचा. ती त्याच्या मागे लागली, उजवीकडे जागा दिसली, आणि आमच्या टिकूने काय करावं? उजवा इंडिकेटर दिला. शर्यतीत. ओव्हरटेक करण्याआधी. मागच्या सीटवर लहानाची मोठी झालेली पोर, तिचा अंगठा आपोआप गेला.

चॅम्पियनने आरशात पाहिलं, उजवीकडे सरकला आणि वाट बंद केली. पुढच्या वळणाला तिने डावा दिला. तो डावीकडे सरकला. टीव्हीवरचा समालोचक हसून हसून बोलायचा थांबला. ती क्लिप जगभर फिरली. लोकांनी तिला नाव ठेवलं, इंडिकेटर बाई. दादाला त्या रात्री जेवण गेलं नाही. आणि मी? मी एकटी सोफ्यावर उभी राहून टाळ्या वाजवत होते. वहिनी म्हणाली, वन्सं, अहो, ती हरली. मी म्हटलं, हरू दे, पण कसं वळत होती बघितलंस का?

नंतर तिच्या टीमने तिला सुचवलं, की हे उलट वापर. डावा दाखव, उजवीकडून जा. एकदा केलंस की तो कायमचा गोंधळेल. तिने मला फोन केला. मी सगळं ऐकून घेतलं आणि तापले. म्हटलं, खोटा इंडिकेटर द्यायचा असेल तर माझ्याकडे शिकलीस असं कुणाला सांगू नकोस. ती म्हणाली, "अगं आत्या, मी विचारत नाहीये. मी नाही म्हटलं, तेवढं सांगायला फोन केला." मी फोन ठेवला आणि बराच वेळ फळा पुसत राहिले. फळ्यावर काही नव्हतं.

टीमने शेवटी त्या गाडीच्या इंडिकेटरची वायरच कापून टाकली. ती सांगायची, आत्या, दिवा लागत नाही, तरी अंगठा जातोच.

तिची खरी किंमत कळली ती लांब पल्ल्याच्या शर्यतीत. तिथे सहा सहा तास गाडी चालते, एका गाडीला दोन ड्रायव्हर, आळीपाळीने बसायचं. आणि एकाच ट्रॅकवर दोन गट एकत्र धावतात. वरच्या गटातल्या गाड्या भयंकर वेगाच्या, आमच्या गटातल्या त्यांच्यापेक्षा हळू. त्या मागून सणसणत येतात, आणि हळू गाडीने इंडिकेटर देऊन त्यांना कळवायचं असतं की मी कुठल्या बाजूला राहते, तू कुठून जा. आता तुम्हीच सांगा, हे काम कोणाला जमणार? वरच्या गटातला एक नावाजलेला ड्रायव्हर मला ट्रॅकवरच्या कँटीनमध्ये भेटला होता. तो म्हणाला, तुमच्या भाचीचा दिवा दिसला की आम्ही डोळे मिटून जातो. मी त्याला दुसरा चहा पाजला. मला कुणी स्तुती ऐकवली तर मी कंजूषपणा करत नाही.

पण मोठ्या शर्यतीतली पहिली जागा, ती तिथेही मिळाली नाही. चॅम्पियनही वय झाल्यावर याच शर्यतींत, आमच्याच गटात आला होता, आणि जिंकायची सवय त्याने सोबत आणली होती.

गेल्या वर्षी माझ्या गुडघ्यांनी हात टेकले. क्लचवर पाय ठेवायचा म्हणजे डोळ्यांत पाणी. शिकवण्या कमी केल्या. टिकू सुट्टीत आली होती, तिने मला जिना चढताना पाहिलं. निघायच्या दिवशी तिने विषय काढला. म्हणाली, टीमने स्पष्ट सांगितलंय, या मोसमात एक तरी शर्यत जिंकली तर पुढची दोन वर्षं सीट पक्की, नाहीतर तिच्या जागी कुणीतरी तरुण येईल. "नाही जिंकले तर मी घरी येते आत्या. स्कूल मी चालवते. तू खुर्चीत बसून फक्त ओरड." मी म्हटलं, बघू.

खरं सांगू? मला आनंद झाला. मग लाज वाटली, मग परत आनंद झाला. वरच्या खोलीला मी रंग लावून घेतला. तिला आवडतो तसा, फिका पिवळा. खिडकीला नवीन पडदे लावले. कुणाला सांगितलं नाही. आणि मोसमातली एकेक शर्यत ती हरत गेली तसा माझा जीव दोन्हीकडून ओढला जायला लागला. जिंकावी असं वाटायचं आणि ती खोली डोळ्यासमोर यायची. माणसाचं मन म्हणजे काय विचारू नका.

मोसमातल्या शेवटच्या शर्यतीला मी पहिल्यांदा पिटमध्ये गेले. दादा, वहिनी घरी टीव्हीसमोर, मी तिथे. पिट म्हणजे आपलं गॅरेजच, फक्त फरशी माझ्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ. टायरना विजेची पांघरुणं घालून गरम ठेवलेली. मेकॅनिक पोरं सगळी सारख्या कपड्यांत, गुडघ्याला जाड पट्ट्या बांधलेली, कारण वाकून वाकून त्यांचेही गुडघे गेलेले. त्यांच्याशी माझं लगेच जमलं. टीमच्या मॅनेजरने मला एक उंच स्टूल दिलं आणि कानाला हेडफोन लावून दिला. म्हणाला, तुम्हाला सगळं ऐकू येईल, पण बोलू नका. मी बोलणार नाही असं वचन दिलं, आणि ते पाळणं किती जड आहे ते मलाच ठाऊक.

शर्यत दुपारी सुरू झाली. आधी तिचा जोडीदार चालवत होता. बरा मुलगा आहे, पण वळताना घाई करतो. शेवटच्या दोन तासांसाठी टिकू बसली तेव्हा आमची गाडी आमच्या गटात चौथी होती. ती तिसरी झाली. मग दुसरी झाली. वरच्या गटातल्या गाड्या मागून यायच्या, ती दिवा द्यायची, त्या सुळकन निघून जायच्या, तिचा वेळ वाया जायचा नाही. बाकीच्यांची मात्र दर वेळी धांदल उडायची. मॅनेजर पडद्याकडे बोट दाखवून मला सांगायचा, बघा, इथे ती कमावते. मी मान हलवायची. जणू मला माहीत नव्हतं.

ऊन उतरलं, गाड्यांचे दिवे ठळक दिसायला लागले, आणि तिच्या पुढे फक्त चॅम्पियन राहिला. अगदी शेपटाला शेपूट. माझा उजवा पाय स्टुलाच्या दांडीवर इतका घट्ट दाबलेला होता की वर पोटरीत गोळा आला. तरी मी तो काढला नाही.

ट्रॅकचं शेवटचं वळण उजवीकडचं होतं, आणि ते सुटलं की लगेच शर्यतीची शेवटची रेघ. ते वळण तुम्हाला समजावून सांगते, कारण सगळं तिथेच आहे. नेहमीचा ड्रायव्हर डावीकडून मोठा घेर घेऊन येतो आणि उजवीकडे वळतो, म्हणजे वेग टिकतो. ज्याला मागचा आत घुसेल अशी भीती असते तो आधीच उजवीकडे चिकटून राहतो. मग मागचा आत येऊ शकत नाही, पण याची गाडी वळणात हळू पडते.

शेवटचा फेरा लागला तसा मॅनेजरने माइकचं बटण दाबलं. अगदी शांत आवाजात, लहान मुलाला समजावतात तसं बोलला. "शेवटच्या वळणाला डावा दे आणि उजवीकडून घाल. तो तुझ्या दिव्यावर विश्वास ठेवतो. डावीकडेच राहील. फक्त एकदा."

हेडफोनमध्ये फक्त इंजिनाचा आवाज.

मॅनेजरने बटण सोडलं आणि हळूच माझ्याकडे पाहिलं. त्याला माहीत होतं, हिला ही सवय कुणी लावली ते. आणि मी काय केलं असेल? एवढी वर्षं भर रस्त्यात माणसं उतरवली, दातांच्या डॉक्टरांशी वैर घेतलं, ती मी त्या स्टुलावर बसून मनात म्हणत होते, दे गं बाई. दे एकदा खोटा. मी काही म्हणणार नाही, कुणी काही म्हणणार नाही, इतकी वर्षं दुसरी तिसरी आलीस, एकदा दे आणि जिंक. पिवळी खोली, पडदे, गुडघे, सगळं विसरले होते मी. मला फक्त ती पहिली आलेली बघायची होती. तोंडावर हात दाबून बसले होते, कारण बोलायचं नाही असं कबूल केलं होतं.

पडद्यावर दोन गाड्या वळणाकडे आल्या. टिकूच्या गाडीचा डावा दिवा लुकलुकायला लागला.

मॅनेजर पुटपुटला, शाब्बास. दिला हिने, खोटा दिला, असं मनात आलं. मीच दे म्हणत होते आणि मलाच कसंतरी झालं.

चॅम्पियनने मागे पाहिलं असणार. डावा दिवा पाहिला असणार. आणि त्या एवढ्या हुशार माणसाने विचार केला, की शेवटचं वळण, शेवटचा फेरा, आज ही खरा कशाला देईल? डावा दाखवतेय म्हणजे उजवीकडून घुसणार. तो झटकन उजवीकडे सरकला आणि आतली वाट बंद केली.

टिकू डावीकडून गेली. जिथे दिवा दाखवला होता तिथूनच. मोठा घेर घेऊन, वेग न मोडता, जशी मी रोज शिकवते तशी. तो आत हळू पडला, ती बाहेरून सुटली. दोघं शेजारी शेजारी आली, आणि रेघेवर तिचं नाक पुढे होतं. त्याने तिचा शब्द खरा मानून आपल्या नेहमीच्या वाटेने गाडी घेतली असती, तर तोच जिंकला असता.

पिटमध्ये जो काही गोंधळ झाला तो मी बघितला नाही. मी स्टुलावरून उतरायच्या धडपडीत होते आणि पायातला गोळा मला उतरू देत नव्हता. दोन मेकॅनिक पोरांनी मला दोन्ही बाजूंनी धरून अक्षरशः उचलून खाली आणलं. मॅनेजर खुर्चीत बसला होता, हेडफोन गळ्यात, आणि पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, खरा दिला हिने, खरा दिला. मी त्याला म्हटलं, मग? दुसरं काय देणार होती? आवाज माझा मलाच मोठा वाटला. घटकेपूर्वी मी काय मागत होते ते मी त्याला सांगितलं नाही. तुम्हाला सांगितलं तेवढं पुरे.

नंतर मी तिला विचारलं, तुला माहीत होतं का गं, तो फसणार ते? ती म्हणाली, कसलं काय. डावीकडून जायचं ठरवलं आणि अंगठा गेला. गेल्यावर मीच घाबरले.

शर्यत संपल्यावर पहिल्या तीन गाड्या एका कुंपणाच्या आत उभ्या करतात. तिथे टीमची माणसं, फोटोवाले, सगळी झुंबड. मी माझ्या दोन पोरांच्या आधाराने तिथे पोचले तेव्हा चॅम्पियन आपल्या गाडीतून उतरला होता आणि तिच्या खिडकीशी उभा होता. केस घामाने चिकटलेले, चेहरा अजून गोंधळलेला. तो रागावला नव्हता. तो म्हणाला, "मला वाटलं, आज तरी खोटा देशील."

टिकूने हेल्मेटची काच वर केली. "इतकी वर्षं आरशात बघतोयस," ती म्हणाली, "एकदा तरी दिला का?"

तो हसला. मग त्याने जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्याने हेल्मेट काखेत मारलं आणि सगळ्यांच्या देखत तिला वाकून मान दिला. त्या माणसाला मी टीव्हीवर इतकी वर्षं शिव्या घातल्या होत्या, त्या सगळ्या तिथल्या तिथे परत घेतल्या. तो वळून विचारत होता, की हिला गाडी शिकवली कुणी. माझ्या एका बाजूच्या मेकॅनिकने मला जवळजवळ पुढे ढकललं.

लोकांनी वाट करून दिली. मी तिच्या खिडकीपाशी गेले. काय काय बोलायचं ठरवलं होतं मी वाटेत. तुझ्या बापाला फोन कर, तुझी आई रडत असेल, ऊर भरून आलाय माझा, आमच्या घराण्यात आजपर्यंत कुणी पहिलं आलं नव्हतं. पण वाकून बघते तर गाडीचा डावा दिवा अजून लुकलुकत होता. शर्यत संपली, गाडी उभी, इंजिन बंद, आणि दिवा चालूच.

मग तोंडातून जे निघालं ते निघालं. "वळण संपल्यावर इंडिकेटर कुणी बंद करायचा?"

ती खदखदून हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. हेल्मेट काढलं, हातमोज्याच्या पाठीने नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसं. तिचा अंगठा बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "राहू दे ना आत्या. मला अजून वळायचंय."

मला समजलं. पुढची दोन वर्षं तिची सीट पक्की झाली होती. ती घरी येणार नव्हती. पिवळ्या खोलीचं काय करायचं ते नंतर बघू, गुडघ्यांचं पण बघू. मला त्या क्षणी कशाचंच वाईट वाटलं नाही, आणि हे मी शपथेवर सांगते.

मी तिच्या खिडकीवर हात ठेवून उभी राहिले. शर्यतीच्या गाडीत इंडिकेटरला आवाज नसतो, नुसता दिवा लागतो आणि विझतो. आजूबाजूला फोटोवाले होते, चॅम्पियन होता, कॅमेरे होते, दादा घरी टीव्हीवर बघत होता. मी कुणाकडे पाहिलं नाही. दिव्याकडे बघत मी तोंडाने टिकटिक करायला लागले.